दोन हेब्बाळ आणि एक दुकान

माझी भाची सोलापूरची. अभियांत्रिकीचे शिक्षण आटोपून ती इन्फोसिसच्या प्रशिक्षणासाठी म्हैसूरला आली आणि ओघानेच रविवारची दुपारची पंगत आमच्या घरी ठरून गेली. २०२५च्या सप्टेंबरातील एका रविवारी ती आली ती जरा हिरमुसलेली. कारण विचारता कळले की, ॲपल कंपनीचे स्वतःचे नवे दुकान 'हेब्बाळ'ला उघडल्याची बातमी तिने वाचली होती. इन्फोसिसचा परिसर म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक भागातच आहे. तेव्हा दुकान आपल्या वसतिगृहाच्या दाराशीच आले, अशा समजुतीने ती सकाळी मैत्रिणींना घेऊन निघाली आणि रिक्षावाल्याने तिचा भ्रमनिरास केला. ते हेब्बाळ बंगळूरूच्या उत्तरेचे. येथून दीडशे किलोमीटरांच्या आसपास.

आम्ही सारेच हसलो. पण जेवण झाल्यावर तिने विचारले, "मामा, तुम्ही इतकी वर्षे शासनात काढलीत. एवढे पर्यटक येतात या गावात, कंपन्या आहेत, पगारदार माणसे आहेत. मग अशी दुकाने इथे का येत नाहीत? कोण ठरवते हे?"

"कंपनी ठरवते," असे मी उत्तर दिले खरे. पण ते अर्धेच होते, हे मला देतानाच जाणवले. दुकानाचा पत्ता कंपनी निवडते, हे खरे आहे. परंतु ज्या नकाशावर बोट ठेवून ती निवडते, तो नकाशा बव्हंशी आम्हीच, म्हणजे शासनाने, काढलेला असतो. आणि काढताना आमच्या मनात दुकान नसतेच. या उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी हा लेख.

प्रथम शहरांच्या प्रतवारीविषयी. व्यापारी जगताच्या भाषेत म्हैसूर हे 'टियर टू' शहर आहे. (२०१४च्या १ नोव्हेंबरपासून अधिकृत नाव मैसूरु झाले, आपण मराठी माणसे पूर्वीपासून म्हैसूरच म्हणतो, तेच मी येथे ठेवतो.) ही 'टियर' कोणी लावली, असे विचारले तर विपणनवाल्यांच्या टिपणांत पुष्कळदा एका सरकारी तक्त्याकडे बोट दाखवलेले आढळते. तो तक्ता आहे केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाड्याचा. सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ साली, जुन्या ए-वन, ए, बी-वन, बी-टू, सी या वर्गांच्या जागी एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग आले. पन्नास लाखांवरील लोकसंख्येची शहरे एक्स, पाच ते पन्नास लाखांपर्यंतची वाय, बाकीची झेड. एक्स वर्गात मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूरू, हैदराबाद, अहमदाबाद आणि पुणे. वाय वर्गात म्हैसूर. आणि त्याच्याच पंक्तीला नागपूर, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव. नागपूर आणि बेळगाव यांना एकाच वर्गात बसवणारा हा तक्ता एका कारकुनाला घरभाडे किती द्यावे एवढ्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी तयार झाला. त्याने शहराची क्रयशक्ती मोजण्याचा दावा कधीच केलेला नाही.

आता ॲपलची दुकाने पाहा. कंपनीने भारतातील आपले पहिले दुकान मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात १८ एप्रिल २०२३ रोजी उघडले, दुसरे दोन दिवसांनी दिल्लीत साकेतला. २०२५च्या सप्टेंबरात बंगळूरूचे हेब्बाळ आणि पुण्याचे कोरेगाव पार्क, डिसेंबरात नोएडा. यांतील चार शहरे एक्स वर्गातील. नोएडा त्या यादीत नाही; पण तेथील केंद्रीय कर्मचाऱ्यांना खास आदेशान्वये दिल्लीच्याच दराने घरभाडे मिळते! कंपनीने आमचा तक्ता समोर ठेवून जागा निवडल्या, असा माझा मुळीच दावा नाही. तिच्याजवळ स्वतःची माहिती असणार, आणि मोठ्या शहरात पहिली दुकाने उघडणे हे कोणत्याही दुकानदाराचे साधे शहाणपण आहे. तरीही या दोन याद्या इतक्या तंतोतंत जुळाव्यात, हे मला विचार करायला लावते.

त्याच शासनाचा दुसरा तक्ता घेतला तर चित्र उलटे होते. बँकांच्या शाखांसाठी रिझर्व्ह बँकेने केलेल्या वर्गवारीत एक लाखावरील लोकसंख्येचे प्रत्येक केंद्र 'टियर वन' असते. म्हणजे बँकेची शाखा काढणाऱ्याला म्हैसूर पहिल्या प्रतीचे आणि दूरचित्रवाणी संच विकणाऱ्याला दुसऱ्या प्रतीचे.

तिसरा तक्ता जरा झोंबणारा आहे. २०१२ साली अनेक ब्रँडांचा माल एकत्र विकणाऱ्या किरकोळ दुकानांत परकीय गुंतवणुकीस ५१ टक्क्यांपर्यंत मुभा देण्यात आली, तेव्हा अशी दुकाने २०११च्या जनगणनेनुसार दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांतच उघडावीत, अशी अट होती. म्हैसूर शहराची त्या जनगणनेतील लोकसंख्या ८.९ लाखांच्या घरात, आणि लगतची वस्ती धरून झालेल्या नागरी संकुलाची ९.९ लाखांच्या आसपास. म्हणजे उंबरठ्याला पाय लागता लागता राहिला. पुढे २०१३मध्ये लहान शहरे निवडण्याची मोकळीक राज्यांना देण्यात आली, आणि एकाच ब्रँडच्या दुकानांना तर ही अट लागूच नव्हती. पण 'दहा लाखांच्या खालचे' हा शिक्का असा सहजी पुसला जात नाही. त्यातही २०२१ची जनगणना लांबली, आणि पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झाली. तेव्हा २०२५ सालीही दुकानाची जागा शोधणाऱ्याच्या हाती म्हैसूरचा अधिकृत आकडा होता तो चौदा वर्षांपूर्वीचा. मधल्या काळात वर्तुळाकार रस्त्याच्या आतबाहेर ज्या वसाहती उठल्या, त्या या आकड्यात नाहीत. त्यांतील घराघरांत वातानुकूलन यंत्रे आहेत. पण कागदावर तेथे अजून शेते आहेत.

शहराची निवड झाली की रस्त्याची निवड येते, आणि येथे म्हैसूरचा इतिहास फार बोलका आहे. मुंबईला १८९६ साली प्लेग आला आणि त्यातून १८९८ साली तेथील सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मला, हे आपणांस ठाऊक असेल. म्हैसूरलाही प्लेगने त्याच सुमारास गाठले आणि १९०३ साली येथे नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले. दाट वस्त्या मोकळ्या करणे, रुंद सरळ रस्ते आखणे, मोहल्ल्यांना हवा-उजेड देणे, हे त्याचे काम. आज ब्रँडचे शोरूम ज्या रुंद रस्त्यांच्या शोधात असते, ते या शहरात प्लेगच्या धास्तीने आखले गेले. विक्रीसाठी 'दर्शनी लांबी' मोजणाऱ्या तरुण व्यवस्थापकाला हे सांगितले तर त्याला ती थट्टा वाटेल.

जुन्या बाजाराचा कणा म्हणजे सय्याजीराव रस्ता. हे नाव बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे. परगावी राहणाऱ्या मराठी माणसाला ही पाटी दिसली की उगाच बरे वाटते. राजवाड्याजवळच्या कृष्णराज चौकातून तो उत्तरेकडे जातो, कडेला देवराज मार्केट. या रस्त्यावर माणसांची कधीच वाण नसते. दुकानाला गर्दीच हवी असती, तर सर्व ब्रँड येथे रांगेत उभे राहिले असते. ते तसे राहिले नाहीत. कारण देवराज मार्केटचे गाळे महानगरपालिकेच्या मालकीचे, भाडी जुनी, भाडेकरू पिढ्यानपिढ्यांचे आणि इमारत जीर्ण. २५ ऑगस्ट २०१२ रोजी मार्केटसमोरच्या लॅन्सडाऊन इमारतीचा भाग कोसळून चार माणसे दगावली. २८ ऑगस्ट २०१६ रोजी मार्केटचाही उत्तरेकडील भाग ढासळला. त्यानंतर पाडावे की जतन करावे, हा वाद समित्यांतून न्यायालयात गेला. वारसा वास्तू म्हणून आम्ही ज्यांचा अभिमान बाळगतो, त्यांची दुरुस्ती वेळेवर करण्याचे काम मात्र आमच्याच्याने झाले नाही, हे शासनात आयुष्य काढलेल्या माणसाने कबूल केलेले बरे.

जुनी वास्तू आणि नवे दुकान यांचे वैर असतेच, असे नव्हे. बंगळूरूला ब्रिगेड रस्त्याच्या तोंडाशी जुने ऑपेरा हाऊस होते. सॅमसंगने ते दुरुस्त करून सप्टेंबर २०१८मध्ये तेथे सुमारे ३३,००० चौरस फुटांचे दालन उघडले. यावर 'नाट्यगृहाचे दुकान झाले' म्हणून हळहळणारे आहेत. मीही थोडा त्यांतला. पण इमारत उभी आहे, छप्पर शाबूत आहे, आणि आत कोणालाही फुकट जाता येते. म्हैसूरच्या मध्यवर्ती भागात पडून असलेल्या सरकारी वास्तूंपैकी एखादी तरी अशा कराराने, जतनाच्या कडक अटी घालून, देता आली असती. आम्ही निविदा काढण्यास भ्यालो. निर्णय न घेतल्याबद्दल आमच्या सेवेत आजवर कोणाची चौकशी झाल्याचे मला स्मरत नाही.

सय्याजीराव रस्त्यावर जे मावले नाही, ते पश्चिमेकडे सरकले. कर्नाटकचे मुख्यमंत्री असलेल्या, याच जिल्ह्यातील देवराज अरस यांच्या नावाचा रस्ता हा गेल्या कित्येक वर्षांचा म्हैसूरचा हौसेचा बाजार. कपडे, चपला, दागिने आणि त्यांच्यात मिसळून मोबाइल फोनची, दूरचित्रवाणीची शोरूम. येथे एका कंपनीच्या दारातून निघालेला माणूस समोरच्या प्रतिस्पर्ध्याच्या दारात शिरतो, आणि दोघांनाही ते चालते. हॅरॉल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९२९ साली एका निबंधात दाखवले होते की, एकाच रस्त्यावरचे दोन विक्रेते दूरदूर राहण्याऐवजी एकमेकांना चिकटून बसण्याकडे झुकतात. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ज्याने रेडिओचे सुटे भाग घेतले आहेत, त्याला हे सांगण्यासाठी निबंधाची गरज नाही. दहा दुकानांत भाव विचारता येतो म्हणूनच माणूस गल्लीत शिरतो. एकटे दुकान कितीही चांगले असले तरी त्याच्यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

पण देवराज अरस रस्त्यावर गाडी कोठे लावायची? पन्नास इंची संच घेणारा माणूस तो खांद्यावर टाकून नेत नाही. आणि दुकान घरपोच करीत असले तरी कुटुंब पाहायला येते ते मोटारीने. म्हणून पुढचे स्थलांतर झाले ते राहत्या वसाहतींच्या रस्त्यांकडे. वाणी विलास मोहल्ल्याच्या बाजूचा कालिदास रस्ता हे त्याचे ठळक उदाहरण. एकेकाळी शांत बंगल्यांचा हा भाग. आज रस्त्याच्या दोन्ही अंगांना काचेची तोंडे. यात कोणी एके दिवशी ठरवून काही केले नाही. एका बंगल्याच्या मालकाने जमिनीचा वापर बदलण्याची परवानगी मागितली, ती मिळाली. दुसऱ्याने शेजाऱ्याचा दाखला जोडला. तिसऱ्याने परवानगीची वाट पाहिली नाही. वापरबदलाचे शुल्क तिजोरीत जमा झाले म्हणून आम्ही खूश, भाडे वाढले म्हणून मालक खूश. पाण्याची नळवाहिनी, सांडपाण्याची वाहिनी आणि रोहित्र मात्र बंगल्यांच्या मापाचे होते तेच राहिले. उन्हाळ्यात वीज गेली की शोरूमची जनित्रे सुरू होतात आणि मागच्या घरातील म्हातारी माणसे खिडक्या लावून घेतात. या रस्त्यावरचे दुकान लोकप्रिय आहे की नाही, हे त्या घरांना विचारले तर उत्तर वेगळे येईल.

दसऱ्याविषयी लिहिल्याशिवाय म्हैसूरवरचा लेख पुरा होत नाही. आपल्याकडे दसरा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. फ्रीज, टीव्ही त्या दिवशी घरी आणण्याची चाल. म्हैसूरला विजयादशमीला जंबू सवारी राजवाड्यातून निघते ती सय्याजीराव रस्त्यानेच बन्नीमंटपापर्यंत, सुमारे पाच किलोमीटर. (बन्नी म्हणजे शमी, आपल्या सोन्याच्या पानांशी नाते जवळचे.) त्या दिवशी या रस्त्यावरची दुकाने कठड्यांच्या आणि लाखो माणसांच्या मागे दडलेली असतात. येथील खरेदी आयुधपूजेच्या, म्हणजे नवमीच्या आधी उरकते. आणलेल्या वस्तूला पूजेत कुंकू लागले पाहिजे, ही भावना. कंपन्यांचे सवलतीचे दिनदर्शक मुंबई-दिल्लीत छापले जातात, त्यांना हा दोन दिवसांचा फरक समजायला वेळ लागतो. स्थानिक विक्रेत्याला तो आईच्या दुधाबरोबर समजलेला असतो. पाट्यांचेही तसेच. कर्नाटकात २०२४च्या दुरुस्तीने नामफलकावर साठ टक्के भाग कन्नडला राखावा लागतो. महाराष्ट्रातही मराठी पाट्यांचा आग्रह २०२२च्या कायदादुरुस्तीने अधिक कडक झाला. दोन्हीकडे कंपन्यांची पहिली प्रतिक्रिया कुरकुरीची होती आणि दोन्हीकडे विक्री काही घटली नाही.

लोकप्रियता म्हणजे तरी काय? रविवारी संध्याकाळी मी फिरायला निघतो तेव्हा एका चकचकीत दालनात कायम गर्दी असते. आत जाऊन पाहावे तर निम्मी मंडळी टेबलावरचे फोन हाताळत असतात, मुले खेळ खेळतात, एखादे आजोबा थंड हवेत बसलेले असतात. बिल फाडण्याच्या ठिकाणी दोन माणसे. यात गैर काही नाही. ब्रँडचे दालन ही अलीकडे जाहिरातच असते. वस्तू तेथे पाहायची आणि भाव फोनवर शोधायचा, हे गिऱ्हाईकही जाणते आणि कंपनीही. मार्च २०२३मध्ये खुल्या झालेल्या बंगळूरू-म्हैसूर द्रुतगती मार्गाने त्यात भर घातली. प्रवासाचा वेळ जवळपास निम्म्यावर आला आणि मोटार बाळगणारा म्हैसूरकर 'जरा बंगळूरूला पाहून येऊ' म्हणू लागला. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून त्या मार्गाच्या मुख्य भागावर दुचाकी आणि रिक्षांना बंदी झाली. म्हणजे ज्याच्याकडे मोटार आहे त्याचा बाजार दीडशे किलोमीटरांपर्यंत पसरला, आणि ज्याच्याकडे दुचाकी आहे त्याचा देवराज अरस रस्त्यापाशीच थांबला. मोठ्या रस्त्याने लहान शहराचा बाजार वाढतो, असे आम्ही प्रकल्प अहवालांत लिहितो. पुष्कळदा मोठे शहर त्याच रस्त्याने लहानाचे गिऱ्हाईक ओढून नेते.

आणि तरी म्हैसूरला या वस्तूंची ओढ नवी नाही. १९३५ साली मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी येथे आपल्या 'विठ्ठल विहार' या घरातून स्वतःचे नभोवाणी केंद्र चालू केले. त्याचे नाव 'आकाशवाणी'. तेच पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीला मिळाले. म्हैसूरमध्ये प्रक्षेपक आधी आला, रेडिओची शोरूम नंतर. त्या काळी, आणि पुढेही १९८०च्या दशकापर्यंत, रेडिओ घरी ठेवायचा तर परवाना लागे आणि त्याचे शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे. माझ्या वडिलांचे ते परवान्याचे पुस्तक, त्यावरच्या तिकिटांसह, अजून आमच्या कपाटात आहे. ते दिवस परत यावेत, अशी माझी इच्छा नाही. कोणत्या रस्त्यावर कोणते दुकान असावे, हे जिल्हाधिकाऱ्याने ठरवू नये. मी हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे म्हणणार आहे त्यावर 'पुन्हा परवाना राज' अशी टीका होण्याचा संभव आहे.

माझे म्हणणे दुरुस्तीविषयी आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरच्या दूरचित्रवाणी संचाचा पडदा हमीच्या मुदतीत काळा पडला. ज्या कंपनीचा संच, तिचे शोरूम घरापासून दोन किलोमीटरांवर. तेथील तरुणाने फार अदबीने सांगितले, "सर, विक्री आमची, दुरुस्तीशी आमचा संबंध नाही. या क्रमांकावर फोन करा." फोनवरच्या यंत्राने भाषा विचारली, मग पिन कोड विचारला, मग तक्रारीचा क्रमांक दिला. तंत्रज्ञ सहाव्या दिवशी आला, छायाचित्रे काढून गेला. सुटा भाग बंगळूरूच्या गोदामातून येणार होता. तो आला तेविसाव्या दिवशी. शेजारच्या घरातील निवृत्त शिक्षिका बाईंचे कपडे धुण्याचे यंत्र त्याच सुमारास बंद पडले होते. त्या तर शेवटी कंटाळून देवराज अरस रस्त्यामागच्या शिवरामपेठेतील एका दुरुस्तीवाल्याला बोलावून मोकळ्या झाल्या. त्याने दीड तासात यंत्र चालू केले आणि कंपनीची हमी तेथेच संपली.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवतो. सेवेत असताना संगणक खरेदीच्या निविदा मी कितीतरी वेळा तपासल्या. त्यांत एक अट ठरलेली असे: तीन वर्षे जागेवर येऊन दुरुस्ती, तक्रारीनंतर ठरावीक तासांत तंत्रज्ञ हजर, उशीर झाल्यास दररोज दंड. ही अट पाळली जाई. हेग्गडदेवनकोटेसारख्या, जंगलाच्या कडेच्या तालुक्यातील तहसील कचेरीतही कंपनीचा माणूस मोटारसायकलवरून पोहोचे. त्याच कंपनीचा, तोच संगणक, त्याच तालुक्यातील शिक्षकाने स्वतःच्या पैशाने घेतलेला असेल तर त्याने तो पाठीवर टाकून म्हैसूरला आणायचा. म्हणजे कंपनीला तेथे पोहोचता येत नाही, असे नाही. शासन नावाच्या गिऱ्हाइकासाठी ती पोहोचते, नागरिक नावाच्या गिऱ्हाइकासाठी नाही. आणि ही तफावत शासनानेच, स्वतःपुरती सोय पाहून, निर्माण केली. निविदेवर माझी सही असलेल्या कित्येक प्रकरणांत हे मला सुचले नाही, याची आज खंत वाटते.

कायद्याने अंतराचा प्रश्न एकदा सोडवून दाखवला आहे. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करायची तर कंपनी जेथे व्यवसाय करते किंवा जेथे तक्रारीचे कारण घडले, तेथील मंचाकडे जावे लागे. दुकान परगावी असेल तर दाद मागायलाही परगावी. २०१९च्या नव्या कायद्याने, जो जुलै २०२०पासून अमलात आला, तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करण्याची सोय दिली. सोलापूरच्या मुलीने बंगळूरूत घेतलेल्या फोनची तक्रार म्हैसूरला राहत असेल तर म्हैसूरलाच करता येते. परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही फार मोठी सोय आहे आणि ती पुष्कळांना माहीतच नसते. दुरुस्तीच्या हक्कासाठीही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये एक संकेतस्थळ उघडले. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, सुट्या भागांची हमी, सेवा केंद्रांचे पत्ते तेथे द्यावेत, अशी कल्पना. कल्पना चांगली आहे. पण पत्त्यांची यादी म्हणजे सेवा नव्हे, हे रेशन कार्डाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कोणालाही समजते.

मला सुचते ते असे. कर्नाटकात सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकतेचा १९९९चा कायदा आहे. इतर राज्यांचे आपापले नियम आहेत. अटी आधी जाहीर केल्या तर त्या चौकटीत बरेच बसते. संगणक, मुद्रणयंत्रे, वातानुकूलन यंत्रे यांच्या निविदेत शासनाने एकच ओळ वाढवावी: यशस्वी पुरवठादाराचे जिल्ह्यातील सेवा केंद्र सामान्य ग्राहकांसाठीही खुले असेल, आणि ते किती दिवसांत दुरुस्ती करते याची नोंद दर तिमाहीला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लागेल. यात कोणाचे शोरूम बंद होत नाही, कोणाला परवाना मागावा लागत नाही. जिल्ह्यातील कचेऱ्या, शाळा, रुग्णालये आणि विद्यापीठे मिळून जी खरेदी करतात ती कोणत्याही कंपनीने दुर्लक्षावी इतकी लहान नसते. दुकानाचा पत्ता कंपनीने खुशाल निवडावा. सेवा केंद्राचा पत्ता निवडताना मात्र तिच्या मोठ्या गिऱ्हाइकाने आपले वजन लहान गिऱ्हाइकाच्या पारड्यात टाकावे.

दुसरी गोष्ट अधिक कठीण. कालिदास रस्त्यासारख्या ठिकाणी वापरबदलाची प्रकरणे एकेक करून मंजूर करण्याची पद्धत थांबली पाहिजे. रस्त्याचा सलग विचार करून वीज, पाणी, वाहनतळ यांचा हिशेब आधी मांडावा आणि मगच किती दर्शनी भाग व्यापाराला खुला करायचा, ते ठरवावे. मुंबईचे वांद्रे-कुर्ला संकुल हे असे आधी आखून मग वसवलेले क्षेत्र. दक्षिण मुंबईवरचा भार हलवण्यासाठी प्रदेश विकास प्राधिकरणाने ते उभारले. त्यात दोष शेकडो आहेत, पायी चालणाऱ्याचे हाल आहेत. पण देशातील पहिल्या ॲपल दुकानाला तेथे जागा मिळाली ती कोणाच्या बंगल्याचे कुंपण पाडून नव्हे.

भाचीला मी यातले निम्मेही सांगू शकलो नाही. तिची बस चुकली असती. दोन आठवड्यांनी ती पुन्हा जेवायला आली तेव्हा तिच्या हातात नवा फोन होता. बंगळूरूच्या हेब्बाळला ती गेली नव्हती. म्हैसूरमधल्याच एका अधिकृत विक्रेत्याकडे घेतला, असे म्हणाली. तेथेच का, असे विचारले तर तिने पावतीच्या मागे पेनाने लिहिलेला एक पत्ता दाखवला. विक्रेत्याकडच्या मुलाने तिला आपणहून लिहून दिला होता: फोन बिघडला तर कोठे न्यायचा, आणि तेथे दुपारी दीड ते अडीच जेवणाची सुट्टी असते.